बाबिलोनचे केळुसकर सर

अमिरातीतल्या अल ऐनच्या मच्छी मार्केटमधले विक्रेते केळुसकर सरांना घाबरून असत. सुरमईचे कल्ले वर करून बघणारी गिऱ्हाईकं पुष्कळ असतात, पण सर आधी विकणाऱ्याची जबानी घेत. "कब पकडा? किसने पकडा? बोट किधर का?" समोरचा मलबारी आधी हसून, मग वैतागून, मग घाम पुसत उत्तरं देई. मध्येच सर पहिला प्रश्न फिरवून परत विचारत. उत्तर बदललं की खलास. "आत्ता सुबह बोला, अभी कल बोलता है! तू झूठ बोला, मछली सच बोलती है." आणि एवढं झाल्यावर तोच मासा, सांगेल त्या भावाला, पिशवीत टाकून घेत. मी एकदा म्हटलं, "अहो सर, खोटं पकडलंत तर निदान भाव तरी पाडा की!" तर म्हणाले, "पकडला गेला, ही झाली त्याची शिक्षा. वर भाव पाडला तर एका गुन्ह्याला दोन शिक्षा झाल्या. ते न्यायात बसत नाही, वैशाली."

असा माणूस. आणि ह्याच माणसाने माझा केसाने गळा कापला. आधीच सांगून टाकते. मी कोल्हापूरची आहे, पोटात एक ठेवून गोड गोड लिहिणं मला जमायचं नाही.

आमच्या शाळेत सर इतिहास शिकवत आणि मी केमिस्ट्री. मूळचे वेंगुर्ल्याचे. अंगाने काटकुळे, रंगाने सावळे, बाहेर अंगाची लाही होत असली तरी फुल बाह्यांचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. शिपाई चहा घेऊन आला की सर उभे राहून चहा घेत. प्रिन्सिपल आले की मात्र बसून राहत. वडील कोर्टात बेलिफ होते, त्यामुळे त्यांचं बालपण कोर्टाच्या पायऱ्यांवर गेलं. त्यांच्या घराण्याचा एका फणसाच्या झाडावरून चुलत्यांशी खटला चालू होता, तो आजोबांनी घातला होता आणि सर अजून लढत होते. "मग सर, फणस खातं कोण?" मी विचारलं. "वकील," सर म्हणाले, अगदी गंभीर चेहऱ्याने.

सरांचं खरं प्रेम बाबिलोनवर. पावणेचार हजार वर्षांपूर्वी तिथल्या राजाने आपले कायदे काळ्या दगडावर कोरून लोकांसमोर उभे केले, ह्या एका गोष्टीवर सर लट्टू होते. नवा मास्तर शाळेत आला की पहिल्याच शनिवारी त्याला गाडीत घालून जवळच्या हिलीची जुनी दगडी थडगी दाखवायला नेत आणि तिथे उभं करून सांगत, "हे लोक इथलं तांबं घेऊन त्या बाजूला जायचे. म्हणजे बाबिलोन काही लांब नाही. शेजारी आहे आपला." ज्याला इतिहासाचं काही पडलेलं नसे तोसुद्धा मान डोलावून परत येई, कारण गाडी सरांची असे.

पण आंधळी भक्ती नव्हती हं. एका श्वासात राजाचं कौतुक, तर दुसऱ्यात त्याची उलटतपासणी. "कायदा दगडावर होता गो, पण दगडासमोर कोण उभा आहे ते बघून वाचला जायचा. बड्याने बड्याचा डोळा फोडला तर ह्याचाही फोडायचा. बड्याने गरिबाचा फोडला तर थोडी चांदी दिली की सुटला. गुलामाचा फोडला तर भरपाई, आणि ती कुणाला? गुलामाच्या मालकाला!" वर्गातली पोरं "दॅट्स सो अनफेअर, सर!" म्हणून कालवा करत. सरांचा चेहरा खुले. "ओरडा, मोठ्याने ओरडा. ज्या दिवशी हे ऐकून ओरडावंसं वाटणार नाही, त्या दिवशी तुम्ही मोठे झालात असं समजा."

स्टाफरूममध्ये त्यांचा एक शब्द सगळ्यांना पाठ होता. कुणी कुणाविषयी तक्रार करायला लागलं की सर चष्म्यावरून बघत म्हणत, "आरोप करताय? करा. सिद्ध झाला नाही तर शिक्षा तुम्हाला. चालेल?" बाबिलोनचा तो कायदाच होता म्हणे. ह्या एका 'चालेल?'ने आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या चहाड्या जागच्या जागी मेल्या.

एकदा हिंदीच्या मॅडमचा डबा गेला. डब्यात बिर्याणी. मॅडमनी सरळ सफाईवाल्या मकबूलचं नाव घेतलं, तो गरीब बिचारा बांगलादेशी, मॉप सोडून हात जोडायला लागला. तक्रार वर गेली असती तर त्याची नोकरी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर उठले. "चालेल?" म्हणाले. मॅडम तावातावाने म्हणाल्या, "हां हां, चलेगा!" मग सरांनी मॅडमना सकाळपासूनचं सगळं सांगायला लावलं, घर, पार्किंग, गाडी, पर्स, छत्री, परत उलट क्रमाने. उलट क्रमात डबा गाडीच्या मागच्या सीटवरून पुढे काही सरकेना. गाडी उघडली तर बिर्याणी तिथेच, उन्हात आंबलेली. आम्ही हसून लोळलो. सर मात्र हसले नाहीत. "आता शिक्षा," म्हणाले. मॅडमना दुसऱ्या दिवशी मकबूलसाठी घरून डबा आणायला लावला, आणि तो स्वतःच्या हाताने द्यायला लावला. मॅडमनी आणला. सरांपुढे कुणाची टाप होती?

अकरावीच्या वर्गात सर बाबिलोनचं कोर्ट भरवत. माझी मुलगी सई त्यांच्याच वर्गात होती, म्हणून मला आतली बातमी असे. वर्गातल्याच भानगडी कोर्टात यायच्या, कुणी कॉपी केली, कुणी कुणाचा चार्जर ढापला. एक पोरगं न्यायाधीश. बाबिलोनमध्ये निवाडे ओल्या मातीच्या विटेवर लिहीत, तर इथे वाळवंटात माती कुठली, म्हणून सुमनवहिनी, म्हणजे सरांची बायको, सकाळी पोळ्यांच्या वेळी जास्तीची कणीक मळून देत. न्यायाधीशाने निकाल सांगून कणकेच्या लाटीवर अंगठा दाबायचा. अंगठा उठला की निकाल बदलायचा नाही. बदलला तर न्यायाधीश खुर्चीवरून खाली, कायमचा. हासुद्धा त्या राजाचाच कायदा. फिरलेल्या न्यायाधीशाला तो बारा पट दंड करी आणि सर्वांदेखत आसनावरून उठवी, पुन्हा कधीच बसू देत नसे.

एकदा सई न्यायाधीश झाली. आरोपी तिचीच मैत्रीण, हिस्टरीच्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याचं काम उतरवून काढलेली. सईने 'दोषी' म्हणून अंगठा दाबला. मधल्या सुट्टीत मैत्रीण रडली, आणि सई परत वर्गात येऊन म्हणाली, "सर, आय वॉन्ट टू चेंज इट." सरांनी तिला वर्गासमोर खुर्चीवरून उठवलं. वर्षभर परत बसू दिलं नाही. पोरगी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. माझं डोकं तडकलं, मी सरळ सरांच्या घरी गेले. "सर, सोळा वर्षांची पोर आहे ती! मैत्रिणीची दया आली, त्यात काय आभाळ कोसळलं?"

सर शांतपणे म्हणाले, "दया यायचीच होती तर अंगठा दाबायच्या आधी यायला हवी होती. नंतर आली ती दया नाही गो, ती भीड. भिडेने निकाल फिरला की दुसऱ्या पोराने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" आतून वहिनी सोलकढी घेऊन आल्या आणि माझा राग तिथेच विरघळला. आता सांगते, त्या दिवशी घरी येताना मला वाटलं होतं, माझी पोरगी योग्य माणसाच्या हाताखाली आहे.

त्याच वर्षीचा आणखी एक तास सई विसरली नाही. बाबिलोनमध्ये घर कोसळून घरमालक मेला तर ते बांधणाऱ्या गवंड्याला मारत. आणि मालकाचा मुलगा मेला तर गवंड्याच्या मुलाला. सई त्या दिवशी जेवेना. "बट ममा, त्याच्या मुलाने काय केलं होतं?" हाच प्रश्न तिने सरांना विचारला होता आणि सरांनी तिला वर्गाकडून टाळ्या मिळवून दिल्या होत्या.

सुमनवहिनींच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सरांचे पेपर असले की मी त्यांना गाडीतून हॉस्पिटलला नेई. सुईला घाबरायच्या, माझा हात धरून मालवणीत देवाला शिव्या घालायच्या, आणि परत येताना सुपरमार्केटसमोर गाडी थांबवायला लावून मला आइस्क्रीम घ्यायला पाठवायच्या. स्वतःला चालत नसे, म्हणून मी खाताना बघत बसायच्या. उपचार सगळा शाळेच्या इन्शुरन्सवर. इन्शुरन्स नोकरीवर. आणि सरांची साठी उलटलेली, म्हणजे शाळेची मेहेरनजर असेल तर एकेक वर्ष वाढवून मिळायचं. हे मला तोंडपाठ होतं. तरी मला धोका दिसला नाही, बघा.

सई बारावीत गेली आणि त्या हिवाळ्यात माझ्या लॅबमध्ये अपघात झाला. दहावीचं प्रॅक्टिकल चालू, टेबलांवर ॲसिडच्या बाटल्या उघड्या. इन्स्पेक्शनवाले आले होते, मला हॉलमध्ये बोलावणं आलं. मी निरोप पाठवला, मुलांना सोडून येता येणार नाही. तेव्हा प्रिन्सिपल स्वतः दारात आले. "यू गो, वैशाली मॅम. यल्ला! मैं खडा हूं ना इधर." मी गेले. त्यांना फोन आला, ते बोलत बोलत कॉरिडॉरच्या टोकाला निघून गेले, आणि इकडे एका मुलाच्या मनगटावर ॲसिड सांडलं. हात वाचला, डाग राहिला. मुलाचा बाप मोठा माणूस होता, त्याने शाळा डोक्यावर घेतली.

"मला वाटलं तुम्ही मुलांना बघायला थांबलात," मी प्रिन्सिपलना म्हटलं. "मैं? मैं तो उधर आया ही नहीं," ते म्हणाले. माझ्या तोंडावर!

चौकशीला तिघांची कमिटी बसली आणि तिचे प्रमुख केळुसकर सर. माझ्या जिवात जीव आला. खोटं कशाला बोलू, मी घरी देवापुढे साखर ठेवली. सरांनी अट घातली की एकेका मुलाला एकटं बोलावून विचारणार, मोठं कुणी खोलीत नको. तसं विचारलं. मासळीवाल्याला विचारत तसं, उलटसुलट. आणि संध्याकाळी थेट आमच्या घरी आले. माझा नवरा दुबईला, जबल अलीत नोकरीला, तो शनिवार-रविवारीच यायचा, त्यामुळे घरी मी आणि सई दोघीच. सर बसलेसुद्धा नाहीत. "सगळ्या पोरांनी एकच सांगितलं. प्रिन्सिपल दारात उभे होते. पोरं घाबरलेली, पण एकाची जबानी फिरली नाही. तू निर्दोष आहेस. मी तसंच लिहिणार." सई भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे वळून म्हणाले, "तुझी आई स्वच्छ आहे, समजलं? आता अभ्यासाला बस." पोरीने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. कमिटीचा एकमताचा निष्कर्ष वाचून दाखवला. वैशाली मॅडमनी प्रयोगशाळा वाऱ्यावर सोडली, दुसरं कुणीही तिथे हजर असल्याचा पुरावा नाही. मी सरांकडे बघितलं. एकमताचा म्हणजे सरांचंही मत त्यात! सर कपातला चहा बघत होते. "सर," मी म्हटलं. "सर, तुम्ही माझ्या घरी येऊन काय सांगितलंत?" त्यांनी मान वर केली नाही. "पुरावा अपुरा पडला," म्हणाले. बस्स. एवढंच. शिपाई कप न्यायला आला, तर त्या दिवशी सर त्याच्यासाठी उभेसुद्धा राहिले नाहीत.

राजीनामा द्या, म्हणजे दाखल्यावर काही वाईट लिहीत नाही, असं मला सांगण्यात आलं. दिला. दुसरं काय करणार, ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्याच महिन्यात सरांना एक वर्ष वाढवून मिळालं. स्टाफरूममध्ये तो 'चालेल?' शब्द परत ऐकू आला नाही, असं मागाहून कळलं.

लोक मला म्हणाले, त्यांची बायको आजारी, समजून घे. अहो, मला समजत नाही का? त्या बाईचा हात कुणी धरला होता? सर माझ्याकडे आले असते, म्हणाले असते, "गो वैशाली, माझे हात बांधलेत, तुला वाचवलं तर सुमन जाईल," तर मी स्वतः राजीनामा लिहून त्यांच्या हातात दिला असता. आईशपथ दिला असता. पण त्यांनी मला विचारलंच नाही. निर्दोष म्हणून घरी येऊन सांगितलं, माझ्या पोरीला पाया पडू दिलं, आणि मग मला विकलं. त्यांचा नाइलाज झाला, हे मी कधीच मानलं. मला माणूस म्हणून मोजलं नाही, ते अजून आत सलतं.

मी दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये नवऱ्याकडे राहायला आले. सईला बारावीच्या मध्यात शाळा बदलता येईना, म्हणून ती अल ऐनला एका ओळखीच्या कुटुंबात राहिली आणि उरलेलं वर्ष केळुसकर सरांच्याच वर्गात बसली. आईवर आळ, आणि भोगलं पोरीने. रोज इतिहासाचा तास. ती सरांशी एक शब्द बोलत नसे. परीक्षेच्या आधी रिव्हिजन चालू असताना मात्र तिने हात वर केला आणि विचारलं, "सर, बाबिलोनमध्ये जज निकाल बदलायचा, तर त्याचं काय करायचे?" सरांनी खडू उचलला, बारा पट दंड, आसनावरून उठवणं, पुन्हा न बसणं, सगळं फळ्यावर नीट क्रमाने लिहिलं. मग म्हणाले, "हे एक्झामला येऊ शकतं. उतरवून घ्या." आणि पुढचा धडा काढला. फोनवर हे सांगताना सई रडली नाही. मीच रडले.

सईची बारावी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मी अल ऐनला गेले होते, सई ज्यांच्याकडे राहिली त्यांच्या घरी गणपती बसतो, त्यांना सामान न्यायचं होतं. सुपरमार्केटमध्ये ही गर्दी. केळीची पानं, जास्वंद, दुर्वांच्या जुड्या, सगळं विमानाने आलेलं आणि सगळे त्याच्यावर तुटून पडलेले. नारळांच्या ढिगापाशी मी वळले तर समोर व्हीलचेअर. सुमनवहिनी मांडीवर नारळ घेऊन, कानाशी हलवून पाणी ऐकत होत्या. खूप खंगल्या होत्या. मागे सर, दोन्ही हातांनी खुर्चीच्या मुठी धरून.

दीड वर्षात मी त्यांना काय काय सुनवायचं हे मनात किती वेळा घोकलं होतं! गाडी चालवताना, पोळ्या लाटताना, अंघोळीला बसल्यावर. वाक्यं तयार होती. सरांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

वहिनींनी मात्र नारळ सोडून दोन्ही हात पुढे केले. "वैशाली! गो बाय माझे!" मी वाकले तर त्यांनी माझ्या गालाला हात लावला, आणि लगेच मागे घेतला. डोळे भरून आले त्यांचे. "जातंय म्हणान सांगूक पण इलंस नाय गो. मी तुझी वाट बघत बसलंय. काय चुकला माझा?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"ह्यांनी सांगल्यांनी माका," वहिनी म्हणाल्या, "वैशालीक दुबयत मोठी नोकरी गावली, म्हणान ती घायघायत गेली. मी म्हटलंय, असां कसां? माझी वैशाली अशी नाय. माका न भेटता ती जावची नाय. कायतरी झालां आसतलां आणि हे माझ्यापासून लपवतत." त्यांनी माझा हात घट्ट धरला, डायलिसिसच्या सुईच्या वेळी धरायच्या तसा. "तू सांग. खरां काय ता तू सांग माका. नोकरीच गावली होती मां?"

मी सरांकडे बघितलं. ह्या वेळेला ते माझ्याकडेच बघत होते. आख्ख्या जगात ज्या एका माणसाच्या नजरेतून उतरायची त्यांना भीती होती, ते माणूस आमच्या दोघांच्या मध्ये बसून माझ्या उत्तराची वाट बघत होतं. एक वाक्य पुरलं असतं. ओठावर होतं.

वहिनींचा हात हलका, थंड होता. मनगटाच्या वर सुयांनी फुगलेली शीर.

"हो वहिनी," मी म्हटलं. "मोठी नोकरी मिळाली. सगळं एवढं घाईत झालं, यायला जमलंच नाही. माझीच चूक. रागावू नका."

वहिनींनी पदराने डोळे पुसले, हसल्या, आणि मांडीवरचा नारळ माझ्या ट्रॉलीत ठेवला. पाणीदार आहे, घेऊन जा, म्हणाल्या. मला वाटलं, आता तरी सर काही बोलतील. माफी नको, निदान मान तरी खाली घालतील.

सरांनी एक लांब श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, खाली वाकून, ते अगदी खुशीत म्हणाले, "बघ! माझ्यावर विश्वास नव्हतो तुझो. काय सांगलंय मी तुका?"